घमेलेभर कोळसा

आमच्या वणी तालुक्यात ‘मायनिंग’ हा शब्द उच्चारला की कोणाच्याही डोळ्यांसमोर वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, उघड्या खाणी, काळी धूळ आणि घुग्घुसच्या रस्त्याने ताडपत्री झाकून रांगेने जाणारे कोळशाचे ट्रक उभे राहतात. त्यामुळे २०२५ च्या संक्रांतीनंतर बिटकॉइनचे मायनिंग करणारे तळहाताएवढे यंत्र मी घरी आणले, तेव्हा खाणीत तीस वर्षे पंप खलाशी म्हणून नोकरी केलेल्या माझ्या वडिलांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि अगदी गंभीरपणे विचारले, ‘‘बाई, याच्यात कोयसा कुठी हाय?’’ इथे खाण हा नुसता बोलण्याचा प्रकार आहे, खोदाई कसलीच नाही, असे मी त्यांना सांगितले. ते उत्तर अपुरे होते. मात्र हे मला पुढे, यंत्राची वही नीट भरू लागल्यावर कळले.

यंत्र आणण्यामागे कमाईचा विचार नव्हता. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. त्याच्या आदल्या वर्षी आमच्या गावातल्या आठ-दहा घरांचा पैसा ‘कॉइन मायनिंग’च्या एका योजनेत बुडाला होता. मोबाईलवरच्या अ‍ॅपमध्ये रोज सकाळी वाढलेला आकडा दिसायचा. आमची हजारो यंत्रे परदेशात चालू आहेत, तुम्ही फक्त त्यांतला वाटा विकत घ्या, असे सांगितले जायचे. आणि कापसाच्या चुकाऱ्यातून थोडे थोडे बाजूला काढून लोकांनी तो वाटा घेतला. मग एके दिवशी अ‍ॅप उघडेनासे झाले. ज्यांचे पैसे गेले, त्यांपैकी आमच्या शेजारचे भाऊ त्याच आठवड्यात माझ्याकडे आले. पैसे परत मिळतील का, हे त्यांनी विचारले नाही. असे काही मायनिंग खरोखर असते का, की तो शब्दही खोटाच होता, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते, आणि मला उत्तर देता आले नाही. त्याचे मला फार वाईट वाटले. जी गोष्ट स्वतः हाताळली नाही ती दुसऱ्याला समजावून सांगता येत नाही, हे वर्गातल्या वीस वर्षांनी मला पुरते शिकवले आहे. म्हणून मी यंत्र घ्यायचे ठरवले.

जुना अँटमायनर एस९ घ्या, असा सल्ला मला आधी मिळाला. २०१६ साली आलेले हे यंत्र आता स्वस्तात मिळते आणि सेकंदाला सुमारे साडेतेरा टेराहॅश इतके काम करते; एक टेराहॅश म्हणजे लाख कोटी वेळा केलेला हिशेब. परंतु त्यासाठी ते तेराशेहून अधिक वॅट वीज खाते. दिवसरात्र चालवले तर रोजचे एकतीस-बत्तीस युनिट होतात, म्हणजे महिन्याचे साडेनऊशे. दोन कूलर चालणाऱ्या मे महिन्यातही आमच्या घराचा वापर दोनशे युनिटांच्या आत राहतो, आणि घरगुती वीजदर तर शंभर युनिटांनंतर व पुन्हा तीनशेनंतर पायरीपायरीने चढत जातो. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्य सरकारने २०२४ पासून मोफत वीज दिली आहे, तेव्हा यंत्र शेतातच लावा, असेही एकाने सुचवले. त्या वाटेला मी गेले नाही आणि कोणीही जाऊ नये असे मला मनापासून वाटते. ती वीज पिकाच्या पाण्यासाठी दिलेली आहे. ती दुसऱ्या कामाला वापरणे कायद्याने अनधिकृत आहेच, शिवाय ज्यांचे पीक त्या पाण्यावर उभे आहे त्यांच्याशी ती प्रतारणा आहे.

मी घेतले ते बिटअ‍ॅक्स गॅमा. अँटमायनर एस२१ प्रो या मोठ्या यंत्रात जी बीएम१३७० नावाची चिप अनेकांच्या संख्येने ओळीने बसवलेली असते, तीच यात एकटी असते. तिला कामे वाटून देणारी ईएसपी३२ ही छोटी चिप, वर ॲल्युमिनियमचे पंखेदार उष्णताशोषक, त्यावर एक लहान पंखा आणि बोटभर लांबीचा पडदा, एवढाच त्याचा संसार. या यंत्राचे आराखडे आणि त्याच्या आतली आज्ञावली सर्वांसाठी खुली आहे. वाटेल त्याने वाचावी, तपासावी, स्वतः बनवावी. ज्या गावाने बंद अ‍ॅपमधल्या आकड्यावर विश्वास ठेवून पैसा गमावला, त्या गावात मला असेच काहीतरी आणायचे होते, ज्याच्या आत डोकावण्यास कोणाला मज्जाव नाही.

जोडणी अवघड नव्हती. यंत्र सुरू केले की ते स्वतःचेच वाय-फाय जाळे उघडते, मोबाईल त्याला जोडायचा आणि समोर येणाऱ्या पानावर घरच्या वाय-फायचे नाव, पूलचा, म्हणजे यंत्राला काम देऊन त्याचा हिशेब ठेवणाऱ्या सर्व्हरचा, पत्ता आणि आपल्या बिटकॉइनच्या पाकिटाचा (वॉलेटचा) पत्ता भरायचा. हे यंत्र फक्त २.४ गिगाहर्ट्झचे वाय-फाय ओळखते, आणि आमचा राउटर दोन्ही पट्टे एकाच नावाने देत होता. दोन्ही नावे वेगळी केल्यावर मगच ते जोडले गेले. पाकिटाची किल्ली असलेले बारा शब्द मी कागदावर लिहून काढले. ते २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून निवडलेले असतात, आणि ज्याच्या हाती ते पडले त्याच्या हाती सगळे गेले, म्हणून तो कागद कुठे ठेवला आहे हे घरातल्या दोघांनाच ठाऊक आहे. त्याचा फोटो मी काढला नाही.

खरा त्रास दिला तो वीज देणाऱ्या अ‍ॅडॅप्टरने. गॅमाला पाच व्होल्टच लागतात. बारा व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर चुकून लावला तर ते जळते आणि दोन्हींची पिन सारखीच दिसू शकते, म्हणून माझ्या अ‍ॅडॅप्टरवर मी लाल रंगाने ‘५’ लिहून ठेवले आहे. बाजारातून आणलेल्या पहिल्या अ‍ॅडॅप्टरवर ‘५ व्होल्ट, ६ अँपिअर’ असे छापलेले होते. यंत्र दोन-तीन तास चालायचे आणि आपोआप पुन्हा सुरू व्हायचे. आमच्याकडे लाईन वारंवार जाते, त्यामुळे आधी मी दोष लाईनला दिला, मग वाय-फायला. शेवटी बाबांनीच विचारले की, पंपाच्या मोटारीपर्यंत किती दाब पोहोचतो तो आम्ही पहिल्यांदा मोजायचो, तू मोजला का? शाळेच्या प्रयोगशाळेतला मल्टिमीटर आणून मोजले, तेव्हा रिकाम्या अवस्थेत पाच व्होल्ट दाखवणारा तो अ‍ॅडॅप्टर भार पडताच ४.६ वर घसरत होता आणि त्याची बारीक वायर हाताला गरम लागत होती. जाड वायरचा चांगला अ‍ॅडॅप्टर लावल्यावर यंत्र सलग एकोणीस दिवस चालले. ओहमचा नियम मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. त्या दिवशी तो मला पुन्हा एकदा वायरीच्या उबेतून समजला.

हे यंत्र करते काय, ते आता सांगितले पाहिजे, कारण शेजारच्या भाऊंचा प्रश्न तोच होता. बिटकॉइनच्या व्यवहारांचा प्रत्येक गठ्ठा, ज्याला ब्लॉक म्हणतात, त्याच्या माथ्यावर ८० बाइटचा मजकूर असतो: आधीच्या ब्लॉकची खूण, या ब्लॉकमधल्या सर्व व्यवहारांचे सार, वेळ, लक्ष्य आणि ‘नॉन्स’ नावाचा एक मोकळा आकडा. हा मजकूर एसएचए-२५६ या गणिती चरकातून दोनदा काढला की ‘हॅश’ नावाची एक प्रचंड संख्या बाहेर पडते. ती ठरलेल्या लक्ष्यापेक्षा लहान निघाली तर ब्लॉक सापडला; नाही तर नॉन्स बदलून पुन्हा. कोणत्या नॉन्सला कोणती संख्या निघेल याचा अंदाज आधी बांधण्याची कोणतीही युक्ती माणसाला माहीत नाही. केन शिरिफ या अमेरिकी अभियंत्याने २०१४ साली हे गणित कागद-पेन्सिलीने करून पाहिले. त्याला एका फेरीला पावणेसतरा मिनिटे लागली, आणि एका हॅशला अशा शंभरावर फेऱ्या लागत असल्याने त्या गतीने दिवसाला एकही हॅश पुरा होत नाही. नॉन्सच्या जागी एकूण सुमारे ४२९ कोटी आकडे बसू शकतात, आणि माझे यंत्र तेवढे सगळे चार सहस्रांश सेकंदांत संपवून मजकुरात दुसरा बारीक बदल करते व पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

एवढे करूनही जगभरच्या यंत्रांपुढे त्याचा वाटा नगण्य आहे. सगळ्या जाळ्याची गती आता सेकंदाला हजार एक्झाहॅशच्या (एक एक्झाहॅश म्हणजे दहा लाख टेराहॅश) आसपास गेलेली असताना माझ्या एक टेराहॅशच्या यंत्राला एक ब्लॉक सापडण्यास सरासरीने अठरा-एकोणीस हजार वर्षे लागावीत. अशी लहान यंत्रे चालवणाऱ्यांपैकी कोणाला अख्खा ब्लॉक सापडल्याच्या घटना घडल्या आहेत, आणि एप्रिल २०२४ मध्ये बक्षीस निम्मे झाल्यापासून एका ब्लॉकला ३.१२५ बिटकॉइन मिळतात. तरी त्या आशेवर कोणी एक रुपयाही लावावा असे मी सांगणार नाही. मिळालेच तर विकताना नफ्यावर तीस टक्के कर आहे, आणि यंत्राचा व विजेचा खर्च त्यातून वजा करता येत नाही.

या सरासरीबद्दल मुलांना शिकवताना मला एक अडचण येते. आमच्याकडे बोअर मारताना दोनशे फुटांपर्यंत पाणी लागले नाही, तर निदान त्या दोनशे फुटांत पाणी नाही हे तरी कळते. केलेले काम वाया गेले तरी शक्यता तेवढी आवळत जाते. खाणीचेही तसेच, आधी ड्रिल मारून थराचा नकाशा काढलेला असतो आणि काढलेला कोळसा उरलेल्यातून वजा होतो. इथे मात्र काहीच वजा होत नाही. काल दिवसभरात केलेले नव्वद हजार लाख कोटी प्रयत्न आजच्या पहिल्या प्रयत्नाला तसूभरही पुढे ढकलत नाहीत. आठवणच नसलेली ही मेहनत आहे. शेतीच्या गावात वाढलेल्या मुलांना हे पटणे कठीण जाते, कारण त्यांनी पाहिलेल्या प्रत्येक कामात, नांगरटीपासून वेचणीपर्यंत, कालचे काम आजच्या कामाखाली पडून असते. नाणेफेक शंभर वेळा करून घेतली की त्यांतल्या काहींच्या चेहऱ्यावर ते उमटते.

आता ट्यूनिंगचे. यंत्राच्या पानावर बदलण्याजोग्या गोष्टी मुख्यतः दोनच आहेत, चिपची वारंवारता आणि तिला मिळणारे व्होल्टेज. आले तेव्हा ते ५२५ मेगाहर्ट्झ आणि ११५० मिलिव्होल्टवर होते. या चिपमध्ये काम करणारे २०४० बारीक गाभे आहेत. त्यांना वारंवारतेने गुणले की सेकंदाला १.०७ टेराहॅश हे उत्तर येते, आणि पडद्यावरही साधारण तेच दिसते. वारंवारता वाढवली तर काम त्याच प्रमाणात वाढते. परंतु एका मर्यादेनंतर गाभे वेळेत हिशेब पुरा करू शकत नाहीत, चुका होतात, आणि गुणाकाराने यावे तेवढे काम प्रत्यक्षात दिसत नाही. मग व्होल्टेज वाढवावे लागते. तिथेच खरी किंमत मोजावी लागते, कारण विजेचा खप वारंवारतेच्या साध्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६०० मेगाहर्ट्झ आणि १२०० मिलिव्होल्टवर माझ्या यंत्राचे काम १४ टक्क्यांनी वाढून १.२२ टेराहॅश झाले, पण खप १७ वॅटवरून २१ वर गेला, म्हणजे जवळजवळ २४ टक्के. आणि खाल्लेल्या सगळ्या विजेची शेवटी उष्णताच होते.

या कामात सर्वांत मोठी चूक घाई ही आहे, आणि ती मी पुष्कळ दिवस केली. आकडा बदलायचा, दहा मिनिटे थांबायचे, गती वाढलेली दिसली की तो योग्य मानायचा, असे माझे चालले होते. वस्तुतः पूल आपली गती थेट मोजत नाही. आपण पाठवलेल्या ‘शेअर’च्या, म्हणजे ब्लॉकपेक्षा पुष्कळ सोपे लक्ष्य गाठणाऱ्या उत्तरांच्या, संख्येवरून ती ताडतो. मला मिळालेल्या १००० या डिफिकल्टीला (लक्ष्य किती अवघड आहे ते सांगणाऱ्या आकड्याला) माझे यंत्र मिनिटाला सरासरी पंधरा शेअर पाठवते. दहा मिनिटांचे झाले दीडशे, आणि दीडशेच्या मोजणीत योगायोगाने होणारी चढउतारच आठ टक्क्यांची असते. तासाभराच्या नऊशे शेअरमध्ये ती तीन-साडेतीन टक्क्यांवर येते. ज्या पाच टक्क्यांच्या वाढीवर मी समाधानी होत असे, ती पुष्कळदा मुळात नव्हतीच. तेव्हापासून मी एका वेळी एकच आकडा बदलते, पूर्ण दिवस तसाच ठेवते, आणि वहीत वारंवारता, व्होल्टेज, वॅट, खोलीचे तापमान, चिपचे तापमान व सरासरी गती एका ओळीत लिहिते. ती वही आता दहावीच्या मुलांना मी सांख्यिकी शिकवताना वापरते.

त्या वहीतून सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट तापमानाची. पंखा पूर्ण गतीने ठेवला असता चिपचे तापमान खोलीच्या तापमानापेक्षा जवळजवळ ठरावीक अंशांनी वर राहते. माझ्या यंत्रात १७ वॅटला तो फरक २८-२९ अंशांचा आहे. जानेवारीच्या रात्री खोली पंधरा अंशांवर असताना ६०० मेगाहर्ट्झवरही चिप पन्नाशीच्या पुढे गेली नाही आणि यंत्र आणखी मागते आहे असे वाटले. विदर्भात मात्र कोणत्याही यंत्राची पारख मे महिन्यातच होते. नवतप्यात आमच्या पत्र्याच्या छपराखालची खोली संध्याकाळी सातलाही बेचाळीसवर असते. त्यात एकोणतीस मिळवले की चिप सत्तर ओलांडते, आणि पंच्याहत्तरला पोहोचली की यंत्र स्वतःच काम थांबवते. कूलरच्या समोर ठेवण्याचा मोह कोणालाही होईल. तो मी टाळला, कारण कूलरच्या झोताबरोबर बारीक थेंबही उडतात, आणि उघड्या सर्किटवर ते पडणे म्हणजे यंत्राचा शेवटच. मी वारंवारता ४०० वर आणि व्होल्टेज १०६० मिलिव्होल्टवर उतरवले. काम ०.८२ टेराहॅशवर आले, पण खप साडेअकरा वॅटवर उतरला, हवेशी असलेला फरक वीस अंशांचा झाला आणि चिप बासष्टवर स्थिरावली. प्रत्येक टेराहॅशमागचा खप पाहिला तर हिवाळ्यातल्या वेगवान मांडणीपेक्षा हीच काटकसरीची ठरते. म्हणून जास्तीत जास्त आकडा गाठणे म्हणजे ट्यूनिंग, हे मला मान्य नाही. ऋतूप्रमाणे यंत्राला झेपेल तेवढेच काम त्याच्याकडे मागणे, यात जास्त कौशल्य लागते.

धुळीचे वेगळे सांगायला हवे. कापसाच्या हंगामात हवेत तंतू असतात आणि बारमाही कोळशाची भुकटी असते. दोन्ही मिळून पंख्याच्या पात्यांवर राखाडी लेप चढतो आणि उष्णताशोषकाच्या फटी बुजतात. मार्चमध्ये कोणताही आकडा न बदलता चिप चार अंशांनी तापली होती. बाबांनी आकडे न पाहता, पलंगावरूनच, पंख्याचा सूर जड झाल्याचे सांगितले होते. आता दर पंधरवड्याला यंत्र बंद करून तेच रंगाच्या कोरड्या ब्रशने ते स्वच्छ करतात.

शेजारचे भाऊ गेल्या पोळ्याच्या आसपास एकदा येऊन बसले, तेव्हा मी त्यांना सगळे दाखवले: यंत्र, पूलचे पान, आणि यंत्राला आजवर मिळालेली सर्वांत चांगली डिफिकल्टी. ती तेव्हा सुमारे पाचशे कोटी होती, आणि ब्लॉकसाठी लागणारी शंभर लाख कोटींच्याही वर. सात महिन्यांत किती मिळाले, असे त्यांनी विचारले. मी पाकिटाचे पान उघडले; तिथे शून्य होते. ते बराच वेळ त्या शून्याकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, ‘‘त्यायनं एकबी दिवस शून्य दाखोलं नाही, मॅडम.’’ त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी द्यायला निघाले होते, ते त्यांनी स्वतःच शोधले होते. त्यानंतर गावात अशीच दुसरी एक योजना घेऊन माणसे आली, तेव्हा भाऊ त्यांना आमच्या घरी घेऊन आले आणि तुमचे यंत्र कुठे आहे, किती वॅटचे आहे, रोजचा आकडा एकसारखा कसा वाढतो, असे तीन प्रश्न त्यांनी ओट्यावर बसून शांतपणे विचारले. ती माणसे चहा न घेता गेली.

बाबांच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले होते. १७ वॅटचे यंत्र महिनाभर चालले की सव्वाबारा युनिट होतात. कोळशावर एक युनिट वीज तयार करण्यास सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा लागतो, आणि आमच्या भागातला कोळसा ज्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात जळतो त्याची क्षमता २९२० मेगावॅट आहे. ती सगळी वीज कोळशाची धरली, तर माझे यंत्र महिन्याला आठेक किलो कोळसा जाळते. हा हिशेब मी बाबांना मांडून दाखवला, तेव्हा त्यांनी हाताने घमेल्याचा आकार करून ‘‘म्हंजे भरलं अर्धं घमेलं’’ असे म्हटले, आणि मग जरा विचार करून, ‘‘नाही, शीग लावून घेतलं तं एक लहान घमेलं,’’ अशी दुरुस्ती केली. आपण उपसलेल्या पाण्याखालून निघालेला कोळसा अखेर कुठे पोहोचला, हे त्यांना एवढ्या नेमकेपणाने बहुधा प्रथमच कळत होते. उन्हाळ्याच्या मांडणीत तोच आकडा साडेपाच किलोंवर येतो, हे सांगितल्यावर हिवाळ्यातही यंत्र तसेच का चालवू नये, असे त्यांनी विचारले. गेल्या दिवाळीपासून ते तसेच चालते आहे, आणि वहीत त्यांच्या आग्रहावरून ‘कोळसा, किलो’ असा सातवा रकाना आखला आहे, तो दर महिन्याच्या एक तारखेला तेच भरतात.